औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद आणि आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

सारांश

औषधाने रोग बरा होतो, तसा क्वचित अपायही होतो. हा अपाय प्रथम कोणाच्या लक्षात येतो, तो कोण नोंदवतो आणि नोंदवण्याचे शिक्षण त्याला मिळाले आहे काय, हे प्रश्न वैद्यकशास्त्राइतकेच इतिहासाचेही आहेत. प्रस्तुत लेखात मुल्कोवाल (१९०२), थॅलिडोमाइड (१९६०-६१) आणि मुंबई (१९८६) या तीन घटनांच्या आधारे औषधांच्या अनिष्ट परिणामांच्या नोंदव्यवस्थेचा विकास पाहिला आहे. रुग्णाच्या सर्वांत जवळ असलेल्या सेवकाची शंका हाच या व्यवस्थेचा पाया असून प्रशिक्षण मात्र त्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सूचक शब्द : अनिष्ट परिणाम, औषधदक्षता, परिचारिका, औषधनिर्माता, हाफकिन, लेंटिन आयोग.

१. प्रस्तावना

कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात. परंतु या चाचण्यांत सहभागी होणाऱ्यांची संख्या बहुधा काही शेकडा ते काही हजार एवढीच असते. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण हे बहुतांशी त्यातून वगळलेले असतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा परिणाम अशा चाचणीत दिसून येण्याची शक्यता फार कमी. म्हणून औषधाची खरी परीक्षा ते लाखो लोकांच्या घरात पोहोचल्यानंतर सुरू होते आणि या परीक्षेचे निरीक्षक असतात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि गावोगावचे आरोग्यसेवक.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ साली दिलेल्या व्याख्येनुसार, रोगप्रतिबंध, निदान अथवा उपचार यांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या मात्रेत औषध दिले असता उद्भवणारा अपायकारक व अनपेक्षित परिणाम म्हणजे अनिष्ट परिणाम होय. या व्याख्येत भेसळयुक्त औषधाने झालेली विषबाधा काटेकोरपणे बसत नाही. परंतु खाटेवरच्या रुग्णाकडे पाहणाऱ्यास हा भेद प्रारंभी कळत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की औषध दिल्यानंतर काहीतरी विपरीत घडले. म्हणूनच आजच्या औषधदक्षतेच्या, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सच्या कक्षेत दर्जाहीन व बनावट औषधांमुळे होणारे अपायही येतात. प्रस्तुत लेखात ही व्यापक दृष्टी स्वीकारली आहे.

२. मुल्कोवाल : एका बाटलीचा क्रमांक

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थिरावली आणि तेथून देशभर लस जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचण्यात आली. काही दिवसांतच त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने आजारी पडले व मरण पावले.

या घटनेत आजच्या वाचकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे नोंदीचे महत्त्व. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या आणि कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याचा हिशेब होता. त्यामुळे दगावलेले सर्व १९ जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते हे तत्काळ स्पष्ट झाले. लस ही वस्तूच घातक आहे, या निष्कर्षाला त्या एका क्रमांकाने अटकाव केला.

पण ती बाटली दूषित कोठे झाली? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे वळवला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो विहित पद्धतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही माहिती साक्षींमधूनच पुढे आली होती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली उघडल्यावर तिचा वास घेतला होता व त्यात काही वावगे जाणवले नव्हते, हेही महत्त्वाचे होते. बाटलीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते, तर दुर्गंध आल्यावाचून राहिला नसता. या पुराव्याचे योग्य मोल होण्यास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे बाजू मांडल्यानंतर हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

मुल्कोवालच्या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, शेवटच्या पायरीवरच्या सेवकाची साधी नोंद (बाटलीचा क्रमांक, वास, पडलेला चिमटा) ही कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतकी मोलाची असते. दोन, अपाय घडताच ‘काय झाले’ यापेक्षा ‘कोणी केले’ हा प्रश्न आधी विचारला, तर सत्य मागे पडते. नोंदव्यवस्थेच्या पुढील सर्व इतिहासात हे दोन धागे सतत दिसतात.

३. पत्रातून व्यवस्थेकडे

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे द्रवरूप औषध विक्रीस आले. त्यात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन वापरले होते. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांवर झालेला परिणाम पाहून अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळवले आणि मग देशभर शोध सुरू झाला. या औषधाने एकूण शंभराहून अधिक जण मृत्यू पावले, त्यांत अनेक बालके होती. या घटनेमुळे १९३८ चा औषधविषयक कायदा झाला व विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करणे बंधनकारक ठरले. औषध बाजारात आल्यानंतर त्यावर लक्ष ठेवण्याची नियमित व्यवस्था मात्र तेव्हाही झाली नाही.

ती उणीव थॅलिडोमाइडने उघड केली. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे झोपेचे औषध निर्धोक म्हणून गाजले. डिसेंबर १९६० मध्ये स्कॉटलंडमधील लेस्ली फ्लॉरेन्स या सामान्य व्यवसायी डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला एक लहानसे पत्र लिहिले. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या आपल्या काही रुग्णांना हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा असा त्रास होतो व त्याचा संबंध औषधाशी असावा, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात या औषधाचा परवाना अर्ज तपासणाऱ्या फ्रान्सिस केल्सी यांच्या वाचनात हे पत्र आले. त्यांनी कंपनीकडे अधिक पुरावा मागितला व परवाना रोखून धरला. खेड्यातल्या एका डॉक्टरच्या शंकेने अशा रीतीने एका देशातील असंख्य बालके वाचवण्यास हातभार लावला.

१९६१ च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ यांनी आणि डिसेंबरात सिडनीचे विल्यम मॅक्ब्राइड यांनी गर्भवतींनी घेतलेले थॅलिडोमाइड व नवजात बालकांतील अवयवांचे व्यंग यांचा संबंध निदर्शनास आणला. सिडनीच्या त्या रुग्णालयात हा संबंध प्रथम पॅट स्पॅरो या परिचारिकेच्या ध्यानात आला होता, असे पुढे अनेकांनी नमूद केले आहे. प्रसिद्ध झालेल्या पत्राखाली मात्र नाव एकट्या डॉक्टरचेच होते. जगभरात दहा हजारांच्या आसपास बालके या औषधाने बाधित झाली असा अंदाज केला जातो.

यानंतर पत्रांच्या योगायोगावर विसंबणे शक्य नव्हते. ब्रिटनमध्ये डेरिक डनलॉप यांच्या अध्यक्षतेखाली औषध सुरक्षितता समिती नेमली गेली आणि मे १९६४ मध्ये सर्व डॉक्टर व दंतवैद्यांना पत्र पाठवून ‘यलो कार्ड’ योजना सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये दहा देशांच्या सहभागाने आंतरराष्ट्रीय नोंदकार्यक्रम आरंभला. १९७८ पासून त्याचे काम स्वीडनमधील उप्साला येथून चालते.

यलो कार्डाच्या इतिहासातील एक क्रम मात्र विचार करायला लावणारा आहे. नोंद करण्याचा अधिकार १९६४ मध्ये डॉक्टरांना मिळाला. रुग्णालयातील औषधनिर्मात्यांना तो १९९७ मध्ये, परिचारिकांना २००२ मध्ये आणि खुद्द रुग्णांना २००५ मध्ये मिळाला. रात्रपाळीत रुग्णाच्या उशाशी बसणारी परिचारिका ही नोंदीस पात्र आहे, हे मान्य होण्यास जवळजवळ चार दशके लागली.

४. मुंबई १९८६

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. मेंदूतील अथवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. पुरवठा झालेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. अमेरिकेत १९३७ साली ज्या विषाने हाहाकार माजवला, तेच विष जवळजवळ ४९ वर्षांनी मुंबईच्या वॉर्डात पोहोचले होते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. रुग्णालयाची औषधखरेदी, पुरवठादाराची निवड आणि अन्न व औषध प्रशासनाचा कारभार यांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात हा अहवाल आजही प्रशासकीय अनास्थेचा दस्तऐवज म्हणून उल्लेखिला जातो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक मुद्दा दडलेला आहे. मूळ आजार वेगवेगळे असलेल्या रुग्णांची लघवी एकामागून एक बंद होत जाते, तेव्हा ‘या सर्वांना समान काय दिले?’ हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे पाहिला तर तो मूळ आजारानेच दगावला असे वाटू शकते. केसपेपर शेजारी शेजारी ठेवले तरच सूत्र दिसते. हे पाहणे व्यक्तीच्या चाणाक्षपणावर सोडायचे की ते शिकवायचे व त्यासाठी मार्ग आखून द्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

योगायोग असा, की त्याच १९८६ साली भारतात अनिष्ट परिणामांच्या नोंदीसाठी बारा प्रादेशिक केंद्रांची योजना मांडली गेली होती. ती प्रत्यक्षात फारशी पुढे सरकली नाही.

५. भारतातील नोंदव्यवस्था

१९९७-९८ च्या सुमारास भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदकार्यक्रमात सामील झाला. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय अशी तीन केंद्रे ठरली. के. ई. एम. हेही परळमध्येच, ज्या प्रयोगशाळेतून मुल्कोवालला बाटली गेली होती तिच्यापासून फारसे दूर नाही. तीन केंद्रांनी एवढ्या मोठ्या देशाच्या नोंदी ठेवणे अवघडच होते. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला आणि दिल्ली व मुंबई येथे विभागीय केंद्रे स्थापन झाली. अर्थसाहाय्याची मुदत संपताच तोही मंदावला.

जुलै २०१० मध्ये सुरू झालेला ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ मात्र टिकला. प्रारंभी २२ नोंदकेंद्रे होती. एप्रिल २०११ मध्ये त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आले आणि पुढे केंद्रांची संख्या अनेक पटींनी वाढली. ब्रिटनप्रमाणे टप्प्याटप्प्याने न जाता भारताने डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका व औषधनिर्माते या सर्वांना नोंदीचा अधिकार दिला, ही समाधानाची बाब होय. रुग्णांसाठीचा स्वतंत्र नमुना २०१४ मध्ये तयार झाला व तो मराठीसह अन्य भारतीय भाषांतही उपलब्ध करण्यात आला. निःशुल्क दूरध्वनी व मोबाइल ॲप यांचीही सोय झाली. २०२१ पासून दरवर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताह पाळला जातो.

या नोंदींचा उपयोग होतो काय, असा प्रश्न वॉर्डातील सेवक नेहमी विचारतो. त्याचे एक उत्तर म्हणजे नोव्हेंबर २०२३ ची सूचना. वेदना व मासिक पाळीतील त्रास यांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी उद्भवू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने देशातील नोंदींच्या विश्लेषणावरून दिला. ताप, अंगावर पुरळ, अंतर्गत अवयवांना इजा असे तिचे स्वरूप असते. कोणा एका रुग्णालयात असे रुग्ण वर्षाकाठी एखाददुसराच असणार. ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र आल्या म्हणूनच त्यांना अर्थ प्राप्त झाला.

६. प्रशिक्षणात काय शिकवावे?

अधिकार मिळाला म्हणजे नोंद होतेच असे नाही. विविध देशांतील अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा सरासरीने सुमारे ९४ टक्के अनिष्ट परिणाम नोंदले जात नाहीत असे आढळले. नोंद का होत नाही, याची सात कारणे ब्रिटिश डॉक्टर विल्यम इनमन यांनी १९७० च्या दशकात सांगितली होती. बाजारात आलेले औषध सुरक्षितच असते हा समज, कायदेशीर कारवाईची भीती, आपल्या हातून रुग्णाला अपाय झाला ही अपराधी भावना, रुग्ण जमवून स्वतःच्या नावे लेख प्रसिद्ध करण्याची महत्त्वाकांक्षा, नोंदपद्धतीचे अज्ञान, केवळ शंका कळवण्याचा संकोच आणि सर्वसाधारण उदासीनता, अशी ती होत.

या सातांपैकी अज्ञान हे एकच कारण नमुना भरण्याचे तंत्र शिकवून दूर होते. उरलेली सहा मनोवृत्तीशी व संस्थेतील वातावरणाशी निगडित आहेत. आपल्याकडील प्रशिक्षण पुष्कळदा एका व्याख्यानात व नमुन्याच्या ओळखीत आटोपते, त्यामुळे त्याचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. इतिहास पाहता प्रशिक्षणाचे तीन घटक आवश्यक वाटतात.

पहिला घटक शंकेचा. औषध व परिणाम यांचा संबंध सिद्ध करणे हे नोंद करणाऱ्याचे काम नाही. औषध केव्हा दिले, त्रास केव्हा सुरू झाला, औषध थांबवल्यावर तो कमी झाला काय, पुन्हा दिल्यावर उलटला काय, त्रासाचे दुसरे कारण संभवते काय, एवढे प्रश्न स्वतःस विचारता आले पाहिजेत. नारान्हो व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तयार केलेली दहा प्रश्नांची पट्टी याच विचारावर आधारलेली असून ती अभ्यासवर्गात प्रत्यक्ष केसपेपर घेऊन सोडवून घेता येते. संबंधाचा अंतिम निर्णय तज्ज्ञांनी करावयाचा असतो. फ्लॉरेन्स यांच्याजवळही शंकाच होती, सिद्धता नव्हती.

दुसरा घटक नोंदीच्या अचूकतेचा. रुग्णाची आद्याक्षरे व वय, परिणामाचे वर्णन, तो सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध आणि नोंदकर्त्याचे नाव ही माहिती अत्यावश्यक मानली जाते. तिच्या जोडीला औषधाचा बॅच क्रमांक लिहिण्याची सवय लावली पाहिजे. बॅच क्रमांक ही आपल्या काळातील ‘५३-एन’ आहे. खोकी फेकून दिली, पट्टी कापून सुट्या गोळ्या दिल्या, तर हा क्रमांक नाहीसा होतो, हे औषधनिर्मात्याइतके कोणास ठाऊक असणार?

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित घटक निर्भयतेचा. नोंद करणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, असे भारतीय नमुन्यावर स्पष्ट म्हटलेले आहे. तथापि छापील वाक्याने भीती जात नाही. ‘सिस्टर, हे तुम्ही का लिहिलेत?’ असा एक प्रश्न वरिष्ठाने दरडावून विचारला, की त्या वॉर्डातून पुढे नोंद येत नाही. म्हणून प्रशिक्षण परिचारिकांबरोबर विभागप्रमुखांनाही द्यावयास हवे, आणि पाठवलेल्या नोंदीचे पुढे काय झाले हे नोंदकर्त्यास कळवले पाहिजे.

७. अलीकडील अनुभव

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले. मृतांची संख्या २० च्या वर गेली. तमिळनाडूतील तपासणीत त्या औषधाच्या संबंधित बॅचमध्ये ४८ टक्क्यांहून अधिक डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. विष तेच, अवयव तोच आणि लक्षण, म्हणजे लघवी बंद होणे, तेही तेच होते.

टल्सा, मुंबई, छिंदवाडा या तीन गावांमध्ये मिळून ८८ वर्षांचे अंतर आहे. औषधाच्या उत्पादनावर व तपासणीवर कडक नियंत्रण हाच अशा घटनांवरील मुख्य उपाय होय आणि त्याची जबाबदारी वॉर्डातील सेवकावर ढकलता येणार नाही. परंतु ते नियंत्रण जेव्हा फसते, तेव्हा पहिल्या मुलापासून पाचव्या मुलापर्यंत जाणारे दिवस कमी करणे एवढेच हाती उरते. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, गावातील आशा सेविका व तालुक्याचा औषधविक्रेता यांच्याशिवाय होणे नाही. आणि नेमका हाच वर्ग मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांभोवती गुंफलेल्या नोंदकेंद्रांपासून दूर आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) औषधांचे अनिष्ट परिणाम प्रथम उघडकीस आणण्यात रुग्णाच्या निकट असणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व सहायकांच्या निरीक्षणाचा वाटा निर्णायक राहिला आहे.

२) मोठ्या आपत्तींनंतरच नोंदव्यवस्था निर्माण झाल्या. त्यांत डॉक्टरांना आधी व इतर सेवकांना फार उशिरा स्थान मिळाले.

३) भारतात नोंदीचा अधिकार व्यापक असला, तरी प्रशिक्षण अद्याप मोठ्या संस्थांभोवती केंद्रित आहे. ते परिचर्या, औषधनिर्माण व आरोग्यसेविकांच्या अभ्यासक्रमांत, मराठीतून व प्रत्यक्ष उदाहरणांसह समाविष्ट व्हावे.

४) प्रशिक्षणाचा भर नमुना भरण्यावर न राहता शंका घेणे, अचूक लिहिणे आणि न भिता कळवणे यांवर असावा.

हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली, कारण पुरावा असूनही तो ऐकणारे कान नव्हते. नोंद करणाऱ्यास शिकवणे जितके आवश्यक, तितकेच ती नोंद वाचणाऱ्यास शिकवणेही आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी, मग ते कोणत्याही विद्याशाखेचे असोत, आपल्या विद्यार्थ्यांना इतके जरी सांगितले, की औषधाचे खोके जपून ठेवावे, त्रास झाल्यास तारीख टिपून ठेवावी आणि तो कोणास तरी कळवावा, तरी या दीर्घ इतिहासातून काही शिकल्यासारखे होईल.